भारिटांचं आकाश

सुपे, ता. बारामती
कार्तिक वद्य पंचमी

चि. माऊ,

दिवाळीत जमलेल्या पैशांतून टेलिस्कोप घ्यायचा तुझा विचार आहे, आणि कोणता घ्यावा हे तू मला विचारलं आहेस. माझं मत विचारशील तर आत्ता टेलिस्कोप घेऊच नकोस. ८ × ४२ ची साधी, दोन डोळ्यांची दुर्बीण घे. दिवसा तिच्यातून माळावरचे पक्षी पाहता येतील आणि रात्री तीच आकाशाकडे वळवता येईल. कार्तिक-मार्गशीर्षात पक्षी पाहणं आणि तारे पाहणं हे दोन वेगळे छंद आहेत असं मी मानत नाही. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

आपला माळ आता पिवळा पडलाय. कुसळं कपड्यांना चिकटायला लागली आहेत. ओढ्याच्या कडेनं पांढरे धोबी शेपट्या हलवत फिरताहेत आणि गवतावर भोवत्ये दिसू लागले आहेत. भोवत्या हा शिकारी पक्षी. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून तो थंडीसाठी आपल्याकडे येतो. गवताच्या शेंड्यांना लागून संथ तरंगत जातो आणि नाकतोडा दिसला की झडप घालतो. रात्रीही तो झाडावर बसत नाही, गवतातच उतरतो आणि तेही थव्यानं. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी बांधावर गुपचूप जाऊन बसलं तर चहूबाजूंनी एकेक भोवत्या येताना दिसतो. थोडा वेळ घिरट्या घालतात आणि मग गवतात असे नाहीसे होतात की नेमके कुठे बसले ते सांगता येत नाही.

मयूरेश्वर अभयारण्यात आपण दिवसाच जाऊ. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण चिंकारा, खोकड, चंडोल, धाविक यांना लागते तशी उघडी जमीन आणि खुरटं गवत तिथे आहे. अशा माळाला ओसाड समजून त्यावर सरसकट झाडं लावायची टूम मला मुळीच पटत नाही. गवताच्या जागी झाडं आली की चिंकारा आणि भोवत्या दोघांचंही घर जातं.

अंधार पडला तरी बांधावरून उठायचं नाही, तिथूनच मान वर करायची. साडेसातच्या सुमारास महाश्वाचा मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो आणि त्याच्या खाली तांबूस रोहिणी. साडेआठ-नऊपर्यंत मृग उगवतो. आपल्याकडे ज्याला तिकांडं म्हणतात ते तीन तारे क्षितिजावर जवळजवळ उभे चढतात. पावणेदहाला व्याध येतो आणि अकराच्या सुमारास दक्षिणेकडे अगदी खाली अगस्ती. नऊ वाजता उत्तरेला उंचावर देवयानीत दुर्बीण लाव. तिथे एक धुरकट, लांबट डाग दिसेल. ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका आहे, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची. काळोख चांगला असेल तर दुर्बिणीवाचूनही दिसते.

पण मला तुला खास करून मायावती दाखवायची आहे. ययाती तारकासमूहातली ही तारका दर २ दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी मंदावते आणि पुन्हा उजळते. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात जॉन गुडरिक नावाचा मुलगा राहत होता. त्याला ऐकू येत नसे. १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री मायावती नेहमीपेक्षा फिकी असल्याचं त्याच्या ध्यानात आलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठा. मग आभाळ मोकळं असेल त्या त्या रात्री तो तिचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून लिहीत गेला. त्यातून त्यानं तिचा काळ काढला आणि १७८३ मध्ये तो रॉयल सोसायटीपुढे मांडला. एखादी काळोखी वस्तू तिच्यासमोरून जात असावी, असा एक तर्कही त्यानं केला. शंभरेक वर्षांनी ताऱ्याच्या वर्णपटावरून तो खरा ठरला: दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याला झाकतो. इतका मोठा शोध लागला तो जागरण आणि वही यांच्या जोरावर.

त्याच तारखेला, ११४ वर्षांनी, १२ नोव्हेंबर १८९६ रोजी पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार प्रिय आहे. पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा. म्हणूनच आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात किहीमला सुगरणीच्या घरट्यांसमोर बसून पाहिलं की नर एकामागून एक घरटी बांधतो आणि माद्या त्यांतलं पसंत पडेल ते निवडतात. तिथेही नजर, सबुरी आणि वही एवढंच भांडवल होतं.

आता भारिटांविषयी. चिमणीएवढा पक्षी, काळ्या डोक्याचा, पोटाकडून पिवळा. पश्चिम आशियातून आणि युरोपाच्या आग्नेय टोकाकडून हे भारीट आपल्या शिवारात येतात. ज्वारीला कणसं धरली की त्यांचे थवे तू रानात पाहिलेच आहेस. हा सारा प्रवास ते बहुतेक रात्रीच करतात. मग एवढ्याशा पक्ष्याला अंधारात दिशा कळते कशी? स्टीव्हन एम्लेन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात तिकडच्या निळ्या भारिटांना तारांगणात ठेवून हे तपासलं. पिल्लं उपजत नक्षत्रं ओळखत नाहीत. आकाश कोणत्या बिंदूभोवती फिरतं ते पाहून ती उत्तर ठरवतात. मग त्यानं काही पिल्लांना खोटं आकाश दाखवलं. त्यात सगळे तारे ध्रुवाऐवजी मृगातल्या काक्षीभोवती फिरत होते. ती पिल्लं मोठी झाली आणि शरदात निघायची वेळ आली, तेव्हा काक्षीला उत्तर धरून तिच्याकडे पाठ करून निघू लागली.

हे वाचल्यापासून मृग उगवताना पाहिला की मला ज्वारीतले भारीट आठवतात. आपण हौसेनं जे पाहतो ते शिकणं पिल्लाला जगण्यासाठी लागतं. तीही रात्रीमागून रात्री वर पाहतात आणि काय फिरतं, काय जागचं हलत नाही, ते टिपतात. पिल्लाचा आणि गुडरिकचा अभ्यास एकाच जातीचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच वाढत्या उजेडाची मला काळजी वाटते. मोरगावच्या रस्त्याला, ढाब्यांवर, पोल्ट्रीच्या शेडवर रात्रभर दिवे जळतात आणि निम्मा उजेड उगाच आभाळात जातो. रात्री उडणारे पक्षी अशा उजेडानं भरकटतात. गोठ्यावरचा दिवा मी खालच्या तोंडाचा करून घेतलाय आणि काम झालं की मालवतो. तुमच्या वसतिगृहाच्या गच्चीवरच्या दिव्याचंही तू बोलून पाहा.

थोडं पथ्य सांगतो. टॉर्चवर लाल जिलेटीन लाव, कारण डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि मोबाइलचा एक झोत ती सगळी वाया घालवतो. रातव्याच्या किंवा खोकडाच्या डोळ्यांवर उजेड मारायचा नाही. पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलवायचं नाही. घोट्याच्या वर येणारे बूट घाल, थंडीत घोणस बांधाच्या कडेलाच असते. वही एकच ठेव: डाव्या पानावर पक्षी, उजव्या पानावर तारे. दोन्हीकडे तारीख, वेळ आणि ढग किती होते ते लिही. आणि पुण्यात आहेस तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन ये. १९४४ पासून तिथे हौशी मंडळी आकाश पाहताहेत. तुला बरोबरीची माणसं मिळतील.

मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्री आहे. तेव्हा परीक्षा असेल तर गच्चीवरून पाहा. पण त्याआधी कार्तिक अमावस्येला जोडून घरी ये. चार वाजेपर्यंत पोचणारी एसटी धर, म्हणजे चहा घेऊन भोवत्ये उतरायच्या आत आपण बांधावर असू.

तुझे आजोबा