पूर ओसरल्यावरची सेवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने कोल्हापूर वेढले, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील तरुणांना बोलवावे लागले नाही. ते आपण होऊन आले. कोणी भाकऱ्या गोळा केल्या, कोणी वृद्धांना पाठीवर घेऊन सुरक्षित जागी पोहोचवले, तर कोणी परक्यांच्या घरातील गाळ उपसला. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले, तेव्हाही हेच घडले. या शहराचे मन उदार आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. म्हणूनच पुढे जे घडले त्याने आम्हांला विचारात पाडले.

आमच्या मंदिराच्या ओसरीत एक माता आपल्या मुलाला घेऊन रविवारच्या मिस्साला उभी राहत असे. मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याला बोलता येत नसे, मात्र आनंद झाला की तो मोठ्याने ओरडे. आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन दारापर्यंत जात असू आणि ही आपली माया आहे, असे मनोमन समजत असू. एके दिवशी आम्ही तिला विचारले, "बाई, तुम्ही आत का येत नाही?" ती म्हणाली, "फादर, आत आलं की सगळे मागं वळून बघतात. बाहेरच बरं." तीन वर्षे आम्ही त्या दारापर्यंत जात होतो, पण हा प्रश्न विचारायला आम्हांला तीन वर्षे लागली. हा दोष आमचा आहे, लोकांचा नव्हे.

पुढच्याच रविवारी आम्ही प्रवचनात आवाहन केले. अशा मुलांसाठी धर्मशिक्षणाचा वर्ग सुरू करू, स्वयंसेवक हवेत, असे सांगितले. त्या निष्पाप जीवांची दुःखे आम्ही अशी काही रंगवली की अनेकांचे डोळे पाणावले. अकरा जणांनी नावे दिली. आगमनकाळात सुरू झालेल्या त्या वर्गाला प्रायश्चित्तकाळ उजाडेपर्यंत दोघेच उरले. त्या मुलाला एका तरुणाचा लळा लागला होता. तो तरुण यायचा थांबला, त्यानंतर कितीतरी रविवार मुलगा दाराकडे तोंड करून बसे.

एकच धर्मग्राम पुरात धावून जाते आणि वर्गात टिकत नाही, हे कसे? प्रेम आटले, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पूर ओसरतो, अपंगत्व ओसरत नाही. पुरात केलेल्या कामाचे फळ संध्याकाळपर्यंत दिसते, तर या मुलांमधील फरक वर्षानुवर्षे दिसेलच असे नाही. आम्ही लोकांच्या मनात दया जागी केली होती. दया ही दुःख पाहून उठणारी लाट आहे. लाटेच्या बळावर माणूस धावतो, पण दर रविवारी साडेनऊ वाजता येऊन बसण्यास निराळे बळ लागते.

ते बळ कोठून यावे? आमच्या मते प्रथम हे मान्य करावे लागेल, की ही मुले आमच्याकडे उपकार मागत नाहीत. त्यांचा स्नानसंस्कार झाला आहे. ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेतील ७७७ वे कलम धर्मगुरूवर स्पष्ट जबाबदारी टाकते, की शरीराने वा बुद्धीने अक्षम असलेल्यांनाही त्यांच्या शक्तीनुसार धर्मशिक्षण मिळाले पाहिजे. म्हणजे हे त्यांचे येणे आहे आणि आमचे देणे. दया आणि न्याय यांतील हा भेद कोल्हापूरकरांना परक्याने शिकवण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, ते भिक्षा म्हणून नव्हे. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेही हक्क जाणूनच. भारताच्या संसदेने २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार मानले आणि त्या सर्वांच्या हक्कांची भाषा केली. देशाचा कायदा हक्क म्हणतो, तेथे आम्ही वेदीवरून केवळ कणव मागावी, हे आम्हांला शोभणारे नाही.

येथे एक सावधगिरी हवी. देणे आहे खरे, पण ते कोणाचे? ते साऱ्या धर्मग्रामाचे आहे. प्रत्येक व्यक्तीने हेच काम केले पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू असते, तर कोणी दोन पाळ्या करून संसार ओढत असतो. अशा माणसाला लाज वाटेल असे बोलणे हा अन्याय होईल. धर्मगुरूला मागण्याचा अधिकार आहे, पण कोणाच्या मनात अपराधाची भावना पेरून होकार काढण्याचा नाही. "नाही" म्हणण्याची मोकळीक असेल, तेव्हाच "हो" या शब्दाला वजन येते.

काही जण म्हणतात, "फादर, हे तज्ज्ञांचे काम. आम्हांला त्यातले काय कळते?" हा आक्षेप प्रामाणिक आहे. कोल्हापुरात विशेष मुलांच्या शाळा आहेत, तेथील शिक्षकांचे काम आम्ही करू शकत नाही. पण मार्कच्या शुभवर्तमानातील त्या चौघांना आठवावे. पक्षाघात झालेल्या मित्राला त्यांनी खाटेसकट प्रभूकडे नेले, आणि गर्दीमुळे वाट मिळेना तेव्हा छप्पर उकलून त्याला खाली सोडले. त्यांच्यापैकी कोणी वैद्य असल्याचे शुभवर्तमान सांगत नाही. प्रत्येकाने खाटेचा एक कोपरा धरला, एवढेच. आणि ते चार होते. एकट्याच्या खांद्यावर दिलेले काम एकट्याच्या थकव्याबरोबर संपते. आमच्या पहिल्या वर्गात प्रत्येक जण एकटाच होता.

दुसरी गोष्ट बोलायला जड, पण ती टाळता येणार नाही. सेवेला येणारा प्रत्येक जण स्वीकारावा काय? ज्याँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये लार्श या समुदायाची स्थापना केली. बौद्धिक अक्षमता असलेल्यांबरोबर एका घरात राहण्याचा तो प्रयोग १९७० मध्ये बंगळूरला आशा निकेतनच्या रूपाने आपल्या देशातही आला. लोक व्हानिए यांना जिवंत संत मानत. २०१९ मध्ये ते वारले आणि २०२० मध्ये लार्शनेच चौकशी करून जाहीर केले, की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी सहा प्रौढ स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या बाबतीत मग केवढी दक्षता हवी! त्या समुदायाचे चांगले कार्य खोटे ठरत नाही, पण कोणाच्याही पावित्र्याची कीर्ती ही चौकशीची जागा घेऊ शकत नाही. यातून आमचा झगाही सुटत नाही. म्हणून आता वर्गात कोणताही मोठा माणूस मुलासोबत एकटा नसतो, दार उघडे असते आणि मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा प्रत्येकाला समजावून दिला जातो. एखाद्याला नम्रपणे नकार देणे हेही मुलांवरील प्रेमाचेच कर्तव्य आहे.

तिसरी चूक आमच्या ध्यानात आली ती याच शहरातील एका भगिनीमुळे. श्रीमती नसीमा हुरजूक तरुण वयात कमरेखाली लुळ्या झाल्या. चाकाच्या खुर्चीवर बसूनच त्यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली आणि अनेक अपंग मुलांसाठी शिक्षणाची व निवाऱ्याची सोय केली. ज्यांना जग मदत घेणारे समजते, त्यांच्यातूनच मदत करणारे उभे राहिले. आम्ही मात्र स्वयंसेवक शोधताना धडधाकट माणसांकडेच पाहत होतो. ख्रिस्तशरीराचे जे अवयव दुबळे वाटतात तेच अत्यावश्यक आहेत, ही संत पौलाची शिकवण आम्ही कितीदा वाचून दाखवली असेल! पण त्या मुलाला आम्ही आजवर काही करायलाच सांगितले नव्हते.

आता आम्ही वेदीवरून आवाहन करीत नाही. आम्ही घरी जातो आणि एकेका माणसाला विचारतो. एक मूल, आठवड्याचा एक तास, एक वर्ष, आणि सोबत आणखी तिघे, एवढेच मागणे असते. वर्ष संपल्यावर थांबायचे असेल तर त्याने मुलाचा निरोप घेऊन थांबावे, न सांगता नव्हे. उद्यमनगरातील एक निवृत्त कामगार, दोन गृहिणी, महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आणि आणखी चौघे असे आज आठ जण आहेत. अकरापेक्षा ही संख्या लहान आहे, पण गेल्या वर्षी ती घटली नाही.

ती माता आता तिसऱ्या बाकावर बसते. अर्पणविधीच्या वेळी तिचा मुलगा त्या निवृत्त कामगाराचा हात धरून भाकरीचे तबक वेदीपाशी आणतो आणि आमच्या हाती देताना मोठ्याने ओरडतो. काही जण अजूनही मागे वळून पाहतात. प्रार्थनेत व्यत्यय येतो, अशी तक्रारही दोघा-तिघांनी आमच्याकडे केली. तो त्याच्यापरीने 'आमेन' म्हणत असतो, असे आम्ही त्यांना सांगितले. ते सर्वांना पटले, असा आमचा दावा नाही.

आणखी एका मुलीच्या घरी आम्ही मागच्या महिन्यात जाऊन आलो. तिला चालता येत नाही, आणि मंदिराच्या पायऱ्या उंच आहेत. तिच्या खाटेचे तीन कोपरे धरायला माणसे मिळाली आहेत. चौथा अजून मिळायचा आहे. वाचकहो, या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही ओसरीतच थांबणार आहोत.