तिला सांगू नका

"तिला सांगू नका." बाळंतिणीच्या खोलीबाहेर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कोण म्हणणार हे चेहऱ्यावरून कळतं. कधी नवरा, कधी आई, बहुतेकदा सासू. म्हणणारं माणूस दुष्ट नसतं, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना ते विसरायला होईल.

मी पुण्यात डूला म्हणून काम करते. डूला म्हणजे सुईण नव्हे. मी तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, औषध सुचवत नाही. कळा येताना कंबर दाबून देते, डॉक्टर घाईत जे बोलून गेले ते पुन्हा साध्या भाषेत सांगते, आणि मुख्य म्हणजे उठून जात नाही. शब्द ग्रीक, अर्थ दासी. डॅना राफाएल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो विसाव्या शतकात या कामासाठी वापरात आणला. माझ्या आजीला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सोबतीला बसणारी बाई. त्याला पैसे मिळतात होय आता?"

तर सोबतीला बसणाऱ्या बाईनं खोटं बोलावं का, एवढाच प्रश्न आहे.

ज्या घराबद्दल सांगतेय त्यांचे ओळखीचे तपशील गाळलेत. एकोणतिसाव्या आठवड्यात तिचं बीपी इतकं चढलं की सिझर करावं लागलं. आधी बाळाच्या फुप्फुसांसाठी तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळाली होती, हे नशीब. बाळ १०८० ग्रॅमचं. ते वरच्या मजल्यावर एनआयसीयूत, आपल्याकडे म्हणतात तसं 'काचेत', आणि ती खाली वॉर्डात. तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाळूवरून सोनोग्राफी केली तेव्हा मेंदूत रक्तस्राव दिसला. अशा लवकर आलेल्या बाळांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, त्यामुळे हे घडतं. तो किती वाढेल हे पुढच्या काही दिवसांतच कळणार होतं.

नवऱ्यानं मला जिन्यात गाठलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. "ताई, तिला फक्त बाळ छान आहे एवढंच सांगा. बीपी परत वाढलं तर?"

ही भीती खोटी नव्हती. प्रसूतीनंतरही काही दिवस अशा बाईला झटके येऊ शकतात. पण बीपीवर गोळ्या चालू होत्या, दर थोड्या वेळानं मोजलं जात होतं. बातमी लपवणं हा त्यावरचा उपचार आहे असं कुठल्याच डॉक्टरनं म्हटलं नव्हतं.

अशा वेळी सगळ्यात सोपा मार्ग आपल्या ओळखीचा आहे: नरो वा कुंजरो वा. "बाळ काचेत आहे, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत." एकही शब्द खोटा नाही, तरी ऐकणारीला भलतंच कळावं अशीच रचना. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या वाक्यानंतर खाली टेकला, असं महाभारत सांगतं. मला त्या गोष्टीत रथापेक्षा द्रोणाचार्य महत्त्वाचे वाटतात. त्यांनी युधिष्ठिरालाच का विचारलं? हा खोटं बोलणार नाही अशी खात्री होती म्हणून. बाळंतपणाच्या खोलीत बाई ज्या माणसाला विचारते, ते असंच निवडलेलं असतं.

उलट टोकाला कांट. दारात आलेल्या खुन्यालाही खोटं सांगू नये, असं त्यानं १७९७ साली लिहून ठेवलं. मी तिथपर्यंत जात नाही. खुन्याला तुमच्या मित्राच्या पत्त्यावर हक्क नसतो. पण बाळाच्या आईला बाळाच्या बातमीवर हक्क नाही, असं कोण म्हणेल? घरचे तेच म्हणत असतात, फक्त प्रेमानं. बातमी जणू घराची मालमत्ता आहे आणि तिच्या वाटणीचं तिला नंतर देता येईल.

नंतर देता येत नाही, हाच मुद्दा आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन जवळपास २.१ किलो. आज असं बाळ बहुतेक वेळा घरी जातं. तेव्हा त्याच्या फुप्फुसांसाठी फारसं काही करता येत नव्हतं. त्याला बोस्टनला हलवलं, आई सिझरनंतर दुसऱ्या रुग्णालयातच राहिली, आणि ३९ तासांनी ते गेलं. अंत्यविधीलाही ती जाऊ शकली नाही. तिथे अंतर होतं. आपण एका जिन्याच्या अंतरावर तेच घडवून आणतो.

शिवाय आई वर असणं ही नुसती भावनेची बाब नाही. १९७८ साली बोगोटात डॉ. एडगर रे यांनी पेट्या कमी होत्या म्हणून बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. भारतासह पाच देशांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी 'कांगारू' काळजी जन्मल्यावर लगेच सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यू एक चतुर्थांशानं कमी झाले. आईच्या पहिल्या दुधाचे थेंब तर लगेच हवे असतात. जिला सगळं छान आहे असं सांगून झोपवलंय, ती दर तीन तासांनी उठून, टाके दुखत असताना हातानं दूध का काढेल?

मी जिन्यात म्हणाले, "बातमी मी देणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे तुम्हाला आत्ताच माहीत असलेलं बरं."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, माझा पहिला आठव्या महिन्यात झाला आणि गेला. मला कोणी दाखवलासुद्धा नाही. तीन दिवसांनी कळलं. म्हणून तर उभी राहिले मी." सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं तेव्हा त्यांना समजावलं होतं. हे अर्थातच चूक आहे, पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. पण मी तेव्हा गप्प बसले. बायोलॉजी शिकवायची ती वेळ नव्हती. आणि त्यांच्या बोलण्याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. न बघता उभं राहता येतं, हे त्यांनी जगून दाखवलंय.

मी इतकंच म्हणू शकते की ते त्यांनी निवडलं नव्हतं. काही बायकांना खरंच ऐकायचं नसतं, आणि तोही त्यांचा हक्क आहे. म्हणून खोटं न बोलणं आणि सगळं सांगून टाकणं या मी वेगळ्या गोष्टी मानते. किती ऐकायचं हे तिनं ठरवायचं. पण आणखी काही ऐकण्यासारखं आहे, हे तिला कळलं तरच ती ठरवणार ना?

संध्याकाळी तिनं विचारलं. बाळाबद्दल नाहीच. "ताई, सगळे माझी नजर का चुकवतायत?" माणसांनी भरलेल्या त्या खोलीत ती दिवसभर एकटी होती.

मी म्हणाले, "बाळ जिवंत आहे. एक गोष्ट झालीय, ती डॉक्टरांकडून ऐक. आत्ता बोलावू की उद्या?"

"आत्ता. आणि ह्यांनाही बोलवा."

ती खूप रडली. बीपी थोडं वाढलं, गोळीचा डोस बदलला. रात्री व्हीलचेअरवरून वर गेली.

रक्तस्राव वाढला नाही. ५१ दिवसांनी बाळ घरी गेलं. याचा अर्थ मी बरोबर होते असा होत नाही. सासूबाईंनी शेवटच्या दिवशी मला ऐकवलंच, "बघा, काही झालं नाही. उगीच रडवलंत तिला." त्यांच्या बाजूनं हिशेब पक्का आहे. बाळ गेलं असतं तर कदाचित माझ्या बाजूनं झाला असता, आणि तसला हिशेब मला नकोच आहे.

कांगारूसाठी घरातल्या कुणाचीही छाती चालते. त्या ५१ दिवसांत पाळ्या लावल्या होत्या: सकाळी आणि रात्री ती, संध्याकाळी ऑफिसहून आल्यावर नवरा. दुपारी दोन ते चार सासूबाई. त्या पाऊणलाच येऊन बसायच्या.