सायकलवरून उतरल्यानंतर

साधकहो, कल्पना करा. १९ जून, जागतिक सिकलसेल दिन. भिलाईत पाऊस अजून पोहोचलेला नाही. भल्या सकाळी तुम्ही सिकलसेल जागृतीच्या सायकल फेरीत निघाला आहात. टाउनशिपमधील एकेक सेक्टर मागे पडतो. घाम निथळतो, तहान लागते, मांड्या भरून येतात. शेवटी गळ्यात पदक पडते, फोटो निघतात आणि आपल्या हातून काहीतरी चांगले घडले, असे समाधान वाटते.

त्या क्षणी स्वतःला विचारा : हे मी कोणासाठी केले?

सिकलसेलमध्ये रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच नष्ट होते. ताठर झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग, थंडी ही त्या वेदनांची नेहमीची निमित्ते. म्हणजे जे श्रम आणि जी तहान आपण हौसेने अंगावर घेतली, तीच रुग्णाला दवाखान्यात पोहोचवू शकते. आपले कष्ट आपण निवडलेले असतात, वाटले तेव्हा थांबवता येतात. त्याच्या कष्टांना ही मुभा नाही.

मग फेरी व्यर्थ आहे का? मुळीच नाही. १९८५ च्या डिसेंबरमध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रा सुरू केली. तिचा हेतू राष्ट्रीय एकात्मतेचा होता. तरुण-तरुणी सायकलींवर होते आणि पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसता न येणारे, सत्तरी ओलांडलेले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत होते. ज्याला सायकल चालवता येत नव्हती, तोच त्या यात्रेच्या केंद्रस्थानी होता. आपल्या फेरीच्या केंद्रस्थानी कोण असते? रुग्ण, की आपण?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक; फळाच्या आशेने दिलेले राजस. कौतुक हेही फळच आहे. म्हणून पदक नाकारण्याची गरज नाही. पदकापाशी न थांबण्याची आहे.

खरी चढण सायकलवरून उतरल्यावर लागते. हा आजार छत्तीसगडमध्ये आहे, तसाच आपल्यापैकी अनेकांच्या विदर्भातील गावांतही आहे. वाहकाला बहुधा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताच्या साध्या तपासणीने हे आधी कळू शकते. तरीही फलक हाती धरणारे आपण, स्वतःच्या मुलामुलींचे लग्न ठरवताना पत्रिका काढतो आणि रक्ततपासणीचा विषय टाळतो. ‘लोक काय म्हणतील?’ हीच ती भीती. याच भीतीपोटी एखादे कुटुंब आपल्या लेकराचे दुखणे शेजाऱ्यांपासूनही लपवते. दुसऱ्यांसाठी घाम गाळणे सोपे. स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावणे कठीण. पण सेवेची कसोटी तिथेच लागते.

तेव्हा फेरीत जरूर जा. जाण्यापूर्वी मात्र स्वतःची तपासणी करून घ्या आणि निकाल काहीही आला, तरी तो लपवू नका. तुम्ही वाहक असाल आणि चारचौघांत ते सहज सांगितलेत, तर कुठल्या तरी घरातील आईचे ओझे हलके होईल. शक्य असेल तर रक्तदान करा. ओळखीतल्या एखाद्या रुग्णाच्या घरी जा, उपदेश न करता त्याच्याजवळ थोडा वेळ बसा आणि त्याला काय हवे आहे, ते त्यालाच विचारा.

सायकल थांबली तरी सेवा थांबू नये. आजच्या ध्यानानंतर एवढा एकच संकल्प करूया.