जमदग्नीचे दूध

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात एक लहानशी कथा आहे. अर्धे अंग सोन्याचे झालेल्या मुंगुसाचे प्रसिद्ध आख्यान संपता संपता ती येते, म्हणून पुष्कळांच्या नजरेतून सुटते. जमदग्नी ऋषींनी श्राद्ध करण्याचे योजिले. होमधेनू आपण होऊन जवळ आली. ऋषींनी स्वतः तिचे दूध काढले आणि नव्या, स्वच्छ भांड्यात ठेविले. त्यांची परीक्षा पाहावी म्हणून धर्म क्रोधाचे रूप घेऊन त्या भांड्यात शिरला व त्याने ते दूध नासविले. हे कृत्य कोणाचे, ते ऋषींनी ओळखले. परंतु ते रागावले नाहीत. तेव्हा क्रोध मूर्तिमंत होऊन पुढे उभा राहिला आणि त्याने हार मान्य केली. भृगुकुळातील पुरुष कोपिष्ट असतात हा लोकप्रवाद खोटा ठरला, असेही तो म्हणाला. ऋषींनी त्याला एवढेच सांगितले की, तुला आज आपण प्रत्यक्ष पाहिले, तुझ्यावर आपला रोष नाही. मात्र हे दूध ज्यांच्यासाठी होते त्या पितरांना तू जाऊन भेट. पुढे पितरांच्या शापाने तो क्रोध मुंगूस झाला.

याच जमदग्नींची दुसरी कथा वनपर्वात आहे. माहूरच्या रेणुकेला कुलदेवता मानणाऱ्या घरांतून ती लहान मुलांनाही ठाऊक असते. क्षणभर मन चळल्याच्या अपराधासाठी पित्याने मातेच्या वधाची आज्ञा केली. रुमण्वान, सुषेण, वसु व विश्वावसु हे चौघे पुत्र सुन्न होऊन उभे राहिले. कोणाच्याही मुखातून शब्द निघेना. पित्याने त्यांना शाप दिला आणि ते पशुपक्ष्यांसारखे जड, ज्ञानहीन झाले. मग परशुराम आला, त्याने आज्ञा पाळली, आणि व्यास सांगतात की त्यासरशी जमदग्नींचा क्रोध एकाएकी नाहीसा झाला. नाहीसा झाला खरा, पण केव्हा? सर्व काही होऊन गेल्यानंतर!

कथा सांगताना लोक परशुरामाच्या परशूपाशी थांबतात. आईबापांनी मात्र त्या चार मुलांपाशी थांबावे. संतापलेल्या बापापुढे मूल निरुत्तर होते, त्याचे डोळे भांबावतात, येत असलेला पाढाही त्याला आठवेनासा होतो. आणि बाप म्हणतो, हा मूळचाच मठ्ठ! शाप याहून निराळा काय असतो?

भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात (श्लोक ६२–६३) क्रोधाची वंशावळ सांगितली आहे. विषयाच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, आणि तेथून बुद्धिनाश. या मालिकेत समोरच्याच्या अपराधाचा कोठेही उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुलाला गुण कमी पडले म्हणून बापाला राग येतो असे म्हणतात. वस्तुतः चार लोकांत आपल्या मुलाचे नाव व्हावे, ही बापाची कामना अडली, म्हणून राग येतो. मुलगा हा केवळ तिच्या वाटेत सापडलेला असतो.

‘राग आवरतच नाही’ ही तक्रार घरोघर ऐकू येते. ती कितपत खरी आहे? दिवसभर कचेरीत वरिष्ठांची बोलणी निमूटपणे ऐकून घेतलेला गृहस्थ संध्याकाळी घरी येतो. मुलाच्या हातून दुधाचा पेला कलंडतो, दूध वहीवर सांडते, आणि गृहस्थाचा हात उगारला जातो. हाच पेला पाहुण्यांच्या मुलाने सांडला असता तर तोच गृहस्थ ‘असू दे, असू दे’ म्हणत फडके आणावयास धावला असता. म्हणजे राग आवरता येतो. दुपारी तो आवरला होता, पाहुण्यांपुढेही आवरला असता. जेथे उलट उत्तर येण्याची भीती नाही तेथेच तो आवरत नाही. हे कबूल करणे कठीण आहे खरे. पण येथूनच साधनेला आरंभ होतो. काम-क्रोधाचा वेग देह पडण्यापूर्वी येथेच जो सोसू शकतो, तो योगी व तोच सुखी, असा पाचव्या अध्यायाचा (श्लोक २३) अभिप्राय आहे. वेग उठणारच नाही, असे भगवान म्हणत नाहीत. वेग सोसावयाचा आहे. आणि सोसावयाचा तर जमदग्नींप्रमाणे आधी त्याला ओळखले पाहिजे. दूध नासविणारा कोण, हे ज्याला दिसले त्याचा हात मुलावर पडत नाही.

मग मुलांना शिस्त लावूच नये काय? असा अर्थ कोणी काढू नये. खुद्द श्रीकृष्णांनी अर्जुनाची कानउघाडणी चांगल्या कडक शब्दांत केली आहे. परंतु उपदेशास आरंभ करताना त्यांच्या मुखावर जणू हास्य होते, असे संजय सांगतो (२.१०), आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार करून मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असे म्हणून ते निर्णय अर्जुनावर सोपवितात. मारून कबूल करून घेणाऱ्या बापाला एवढा धीर कोठला?

आणि चूक झालीच, हात उगारला गेलाच, तर? परशुरामाने वर मागताना मातेचे प्राण मागितले, भावांची शुद्ध मागितली, आणि आपल्या वधाची आठवणही मातेला राहू नये असे मागितले. तो वर आजच्या घरात कोण देणार? मूल विसरत नाही. त्याच रात्री त्याच्या अंथरुणाजवळ बसून ‘माझे चुकले’ एवढे म्हणणे मात्र बापाच्या हाती आहे. त्याने बापाचा अधिकार कमी होतो ही समजूत निराधार होय.

आता त्या मुंगुसाकडे वळावे. कुरुक्षेत्रात शेतातले पडलेले दाणे वेचून निर्वाह करणारे एक कुटुंब होते. दुष्काळात मोठ्या कष्टाने एक प्रस्थ, म्हणजे जेमतेम चार ओंजळी, सातू मिळाले. त्यांचे पीठ करून चौघांनी वाटून घेतले, तोच दारी अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला, पत्नीने दिला, पुत्राने दिला. शेवटी सून आपला वाटा घेऊन पुढे झाली, तेव्हा सासऱ्याने तिच्या मुखाकडे पाहिले. वारा-उन्हाने सुकलेली, भुकेने फिकी पडलेली ती पोर पाहून त्याला तो वाटा घेववेना. अतिथी दारात तिष्ठत असतानाही तो तिच्या मुखाकडे पाहावयास विसरला नाही. अखेर तिच्याच आग्रहाने त्याने तो वाटा घेऊन अतिथीला दिला. त्या सांडलेल्या पिठाच्या कणांत एक मुंगूस लोळले आणि त्याचे मस्तक व अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे अंग सोन्याचे व्हावे म्हणून ते युधिष्ठिराच्या अश्वमेधापर्यंत यज्ञामागून यज्ञ हिंडले, पण तसे पीठ त्याला पुन्हा कोठे सापडले नाही. ते मुंगूस म्हणजे जमदग्नींच्या दुधात शिरलेला तोच क्रोध होता.