शेजारच्या बाळाचाही हक्क




संतती ही अल्लाहने आपल्या हाती सोपवलेली अमानत आहे, हे आपण अकीक्याच्या दिवशी आवर्जून बोलतो. त्याच बाळाच्या लसीकरणाचा विषय निघाला की मात्र 'अल्लाह मालिक आहे' एवढे म्हणून गप्प होणारे पालक आजही भेटतात. अल्लाह मालिक आहेच. परंतु उंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्यास प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास सांगितले होते.

हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले, तेव्हा पुढे प्लेग पसरल्याची वार्ता आली. सल्लामसलत करून त्यांनी माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. हे अल्लाहच्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. त्यावर उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा, की आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. रोग त्याचा, तसा बचावाचा उपायही त्याचाच!

२०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव या आपल्याच वस्त्यांमध्ये गोवर पसरला. मुंबईत मुले दगावली. गोवराचे विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. लस न घेतलेल्या दहा जणांना संसर्गाची गाठ पडली, तर सुमारे नऊ जणांना तो होतो. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर मिळते, कारण तोवर आईकडून लाभलेले संरक्षण ओसरत आलेले असते. म्हणजे चाळीतील सहा महिन्यांच्या तान्ह्याला स्वतःची ढाल नसते. भोवतालच्या शंभरातील पंच्याण्णव जणांना प्रतिकारशक्ती असेल, तरच ते बाळ सुरक्षित. तेव्हा 'माझे मूल, माझी मर्जी' हे म्हणणे येथे टिकत नाही. हा हुकूकुल इबादचा प्रश्न आहे, आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे हे मी वेगळे सांगायला नको.

लसीत असते तरी काय? बीसीजी, तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ डोस आणि गोवर-रुबेलाची लस यांत जिवंत, पण दुबळे केलेले जंतू असतात. पोलिओच्या इंजेक्शनमध्ये विषाणू मारलेले असतात. धनुर्वात व घटसर्पाच्या लसीत जंतूंचे निष्प्रभ केलेले विष, तर कावीळ 'ब'च्या लसीत विषाणूचा केवळ एक अंश. शत्रूची ओळख शरीराला आधीच पटवून द्यायची, हा या सर्वांचा हेतू.

राहिला हलाल-हरामचा प्रश्न. तो विचारणे ईमानाचेच लक्षण आहे. त्याची टवाळी करणारे सुशिक्षित मला आवडत नाहीत. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१८ मध्ये आपल्याच पुण्यात तयार होणाऱ्या गोवर-रुबेला लसीची छाननी केली. निर्मितीत डुकरापासूनचा घटक वापरला जातो, म्हणून ती मुळात निषिद्ध, असे परिषदेने स्पष्ट म्हटले. तरीही हलाल पर्याय उपलब्ध नाही आणि रोगाचा धोका खरा आहे, म्हणून 'जरूरत'च्या नियमाने तिच्या वापरास परवानगी दिली. १९९५ मध्ये कुवेत येथे जमलेल्या विद्वानांनी तर पदार्थाचे मूळ रूपच पालटले की त्याचा हुकूमही पालटतो, या इस्तिहालाच्या तत्त्वाने अशा जिलेटिनला पाक ठरवले. वाटा दोन, परंतु दोन्हींनी मुलाला लस मिळते.

वंध्यत्वाची अफवा निराधार आहे. पोलिओच्या वेळीही ती उठली होती. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, आणि तेव्हाची मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत.

लस टोचल्यावर ताप येतो, मूल रात्रभर रडते, आणि घाबरलेली आई पुढची तारीख टाळते. तिला दोष देऊ नका. वडिलांनी सोबत जावे. सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यानची गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा अशीच राहून जाते. चुकली असल्यास पाच वर्षांपर्यंत ती सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. आज इशाच्या नमाजनंतर घरातील लसीकरणाचे कार्ड काढून पाहा, आणि रिकामा रकाना दिसला तर उद्याच आशाताईंना विचारा.