फुकटाची दुरुस्ती

नोकरींतून मोकळ्या झालेल्या मनुष्यानें उतारवयांत नवा धंदा शिकावा हें बरें. परंतु त्याचा मोबदला त्यानें घ्यावा कीं न घ्यावा? वाचकहो, हा प्रश्न आम्हांस सोपा वाटत होता.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्ही घड्याळें दुरुस्त करावयास शिकलों. तालुक्याच्या बाजारांतील एका कारागिरानें आम्हांस आपल्या बांकावर बसवून घेतलें. तो आमच्याहून वीस वर्षांनीं लहान. कमान उतरविल्यावांचून चाकें मोकळीं करूं नयेत, हा पहिला धडा आम्ही तळहात कापून घेऊन शिकलों. लंबकाचें घड्याळ तिरकें टांगलें तर त्याचे ठोके विषम पडतात व तें लवकरच थांबतें. पितळी दांड्याचा लंबक उन्हाळ्यांत लांबतो. २० अंश उष्मा वाढला कीं घड्याळ दिवसाकाठीं सुमारें १५ सेकंद मागें पडतें. तेल तर आंसाच्या टोकाशीं एक थेंब पुरे. पण घरधनी मोठ्या प्रेमानें खोबरेल ओततात, आणि हिवाळ्यांत तें आंतल्या आंत थिजतें!

हें शिकून आम्ही गांवचीं घड्याळें फुकट दुरुस्त करूं लागलों. लोकांनीं वाहवा केली. आम्हांसही ती गोड लागली. दोन वर्षांनीं बाजारांत गेलों तों त्या कारागिराच्या दुकानांत कुलुपें विकावयास टांगलेलीं. सेकंदास ३२,७६८ कंप पावणाऱ्या स्फटिकाचीं घड्याळें स्वस्त झालीं आहेत. बिघडलीं कीं लोक टाकून देतात. त्याच्यापाशीं उरलें होतें तें लंबकवाल्यांचें गिऱ्हाईक, आणि तें आम्हीं नेलें. त्यानें तक्रार केली नाहीं. "बसा गुरुजी," म्हणून चहा मागविला. तो चहा आमच्यानें गिळवेना.

कोणी म्हणेल, दान करण्यांत दोष कसला? परंतु तें दान गेलें कोणाच्या पदरचें? आमची पेन्शन जशीच्या तशी राहिली. उणें पडलें तें त्याच्या चुलीशीं. शिवाय, "घड्याळांत बिघाड नाहीं, सरळ टांगा म्हणजे झालें," असें सांगून आम्ही स्वतःस मोठे प्रामाणिक समजत असूं. आम्हांस तें सांगावयास काय पडत होतें? तेच शब्द त्यानें, घरीं पीठ नसतांना, गिऱ्हाइकास सांगून रिकाम्या हातीं परत पाठविलेलें आम्हीं त्याच बांकावरून पाहिलें होतें.

धंदा आम्हीं सोडला नाहीं. रिकामें बसणें आमच्यानें होत नाहीं, हेंही खरें. आतां गांवचें घड्याळ आम्ही त्याच्या दुकानीं नेतों, दर त्याचाच सांगतों, वेळ खाणारी धुलाई आम्ही करितों, आणि मजुरी त्याच्या गल्ल्यांत पडते. गुरुजी म्हातारपणीं लोभी झाले, अशी गांवांत कुजबुज आहे. हातावर पोट असलेल्या एका आजीबाईंनीं तर तें तोंडावरच ऐकविलें. त्यांचें घड्याळ आम्हीं दुरुस्त करून घरीं पोंचविलें व पैसे घेतले नाहींत. त्यांची मजुरी आपल्या पेन्शनींतून त्या गल्ल्यांत टाकली. आजीबाईंना हें आम्हीं सांगितलेलें नाहीं.