चौकटीमागचा हात

कॉमिक-चित्रकाराचे प्रदर्शन भरवताना पहिला पेच पडतो तो मूळ कलाकृती कोणती, याचा. तैलचित्राचा कॅनव्हास हीच कलाकृती असते आणि छापील प्रत ही तिची नक्कल. कॉमिकमध्ये हे नाते उलटे आहे. चित्रकाराच्या हातचे पान ही छापखान्यासाठी केलेली तयारी असते. वाचकाच्या हाती पडते ते स्वस्त कागदावरचे पुस्तक हीच पूर्ण कृती. नुसती मूळ पाने चौकटीत घालून टांगली तर गोष्ट तुटते, नुसती पुस्तके मांडली तर दालनाचे वाचनालय होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. अनंत पै यांनी १९६७ साली मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, तिला आकार दिला तो बव्हंशी मराठी चित्रकारांनी. ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी रेखाटला. महाभारताची ४२ भागांची मालिका दिलीप कदम यांनी चितारली. ‘शिवाजी’ या अंकाची संहिता भा. रा. भागवतांची आणि चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीकांची. पुढे याच मुळीकांनी अमिताभ बच्चन यांना नायक करून निघालेला ‘सुप्रिमो’ काढला आणि १९८६ पासून दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी ‘नागराज’ उभा केला. इतिहासपुरुष, चित्रपटाचा नट आणि सर्पशक्तीचा महानायक असे तिघे एकाच हातातून उतरले. मुळीकांवर प्रदर्शन भरवायचे तर नायकांनुसार तीन दालने करण्याचा मोह होईल. त्यातून नायक कळतील, चित्रकार कळणार नाही. त्याऐवजी घोडा, गर्दी, झुंज, रात्र असे चित्रकाराला रोज सोडवावे लागणारे प्रश्न घ्यावेत आणि प्रत्येकाखाली तिन्ही नायकांची पाने शेजारी शेजारी लावावीत. म्हणजे हात कुठे तोच राहिला आणि कुठे बदलला, हे पाहणाऱ्याला आपोआप दिसते.

मूळ पान जवळून पाहण्यासारखे असते. ते छापील आकारापेक्षा मोठे काढलेले असते. शाईच्या कडेला पेन्सिलीची पुसट रेघ राहिलेली असते. चुकलेला हात पांढऱ्या रंगाने झाकून त्यावर नवा काढलेला असतो. संवाद वेगळ्या कागदावर लिहून चिकटवले असतील तर काळाने डिंक पिवळा पडतो, पट्टी गळते आणि बोलणाऱ्याच्या तोंडापुढे डागाळलेला रिकामा चौकोन उरतो. असा चौकोन दुरुस्त करून लपवू नये. पान किती हातांतून गेले, याचा तोच पुरावा आहे. शेजारी छापील पान ठेवले की रंग नंतर आले, हेही समजते. ‘अमर चित्र कथा’च्या सुरुवातीच्या अंकांत खर्चापायी निळा, पिवळा, हिरवा अशा मोजक्याच रंगांवर भागवले गेले, ती निवड चित्रकाराच्या आवडीची नव्हती.

कागदाच्या मर्यादाही मांडणी ठरवतात. शाई-रंगाच्या कागदी कामावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू नये आणि तेच पान वर्षभर उजेडात राहू नये, हा संग्रहालयांचा संकेत आहे. त्यामुळे पाने आलटून पालटून लावावी लागतात. वाचनासाठी मात्र बाक आणि हाताळता येतील अशा प्रती हव्यातच. जपानमधील क्योटोचे मांगा संग्रहालय २००६ साली एका जुन्या शाळेच्या इमारतीत सुरू झाले. तेथे लोक भिंतीवरची पुस्तके काढून वाचत बसतात. पाहणे आणि वाचणे यांची ताटातूट न करणे, हाच त्यातला धडा.

गौरवाबरोबर चिकित्साही दालनात यायला हवी. गोरा देव, काळा राक्षस, ठरावीक साच्यातली स्त्री या प्रतिमा अनेक पिढ्यांच्या मनात या चौकटींनीच रुजवल्या, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. ती वगळली तर प्रदर्शनाचा सत्कार समारंभ होतो.

सर्वांत कठीण काम श्रेयाचे. मुखपृष्ठावर नायकाचे नाव ठळक, चित्रकाराचे आत बारीक टाइपात. पेन्सिल, शाई, अक्षरे, रंग करणारे सहायक तर बहुधा अनामच. नाव कसे टिकते, हे जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात दिसते. तेथे सातवाहन राजकुळाच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत नाव. आज मूर्तींची जेमतेम पावले उरली आहेत. पण सिमुक कोण, नागनिका कोण, हे नावांमुळे दोन हजार वर्षांनीही सांगता येते. कॉमिकच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी झाली. शिवनेरीवर जन्मलेल्या राजाचे चित्र घरोघर राहिले, ते काढणाऱ्याचे नाव गळाले.

म्हणून पानाखालच्या पाटीवर शीर्षकाआधी माणसे यावीत: रेखाटन कोणाचे, शाई कोणाची, अक्षरे कोणाची. जिथे खात्री नाही तिथे तसे लिहावे. अंदाजाने मोठ्या नावाच्या खात्यावर टाकू नये. ही माहिती कागदोपत्री फारशी सापडत नाही, ती स्टुडिओत शेजारी बसून काम केलेल्यांच्या आठवणीत असते आणि ती पिढी आता वृद्ध आहे. त्यांच्यापुढे पाने ठेवून कोणता हात कोणाचा, हे आधी लिहून घ्यावे. दालन, दिवे आणि उद्घाटनाची तारीख त्यानंतर ठरली तरी चालेल.